धर्मापुरीचं शूटिंग

“थांबवा मैनूभाई. मागं घ्या,” दानम्मा म्हणाली.

व्हीसीआर खरखरला आणि पडद्यावरची माणसं उलटी चालू लागली. देवळापासून दूर गेलेली नायिका पाठीमागं पावलं टाकत परत आली. खांबाला टेकलेल्या पोरीच्या ओठांवरचं हसू आत गेलं. खोलीतल्या बायका खदखदून हसल्या.

“परत?” शेजारची छबुबाई म्हणाली. “किती बघशील गं सोताला? आमच्या घरी केबलवर रंगीत गाणी लागलीत, आन् आमी हितं काळंपांढरं बघत बसलोय.”

“बसा की मावशी. माझी आई हाय ती,” वर्षाराणी म्हणाली. ती पार टीव्हीला चिकटून बसली होती. पडद्यावर दोन वेण्या, विटका परकर, सात वर्षांची पोर. आणि ती म्हणे आपली आई. तिला ते अजून खरं वाटत नव्हतं.

दानम्मा हसली नाही. ती स्वतःला बघतच नव्हती.

ती लहान असताना सिनेमावाले तिच्या माहेरी, धर्मापुरीला आले होते. मुंबईहून आणलेली पोर ऐन वेळी तापानं फणफणली, म्हणून त्यांनी बघ्यांतून दानम्माला उचललं. काम एवढंच होतं. बाई निघून जाते, तिच्याकडं बघत राहायचं. आधी डोळे भरून यायला पाहिजेत, मग हसायचं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिची माय गेली.

मायचा फोटो कुणी काढलाच नव्हता. दानम्माला तिचा आवाज आठवायचा. सकाळी कपाळाला विभूती लावताना टेकणारी तीन गार बोटं आठवायची. चेहरा मात्र कुठल्या तरी वर्षी हातातून निसटला, कधी ते कळलंही नाही. “तू तर थेट बापावर गेलीस,” असं आत्या म्हणायची, म्हणून आरशातही माय सापडायची नाही. पण एक गोष्ट दानम्माला पक्की ठाऊक होती. शूटिंग चाललं तेव्हा माय जागची हलली नव्हती. ती अगदी समोर होती. इतकी समोर, की दानम्माला दुसरं काही दिसतच नव्हतं. म्हणजे पिक्चरमध्ये ती असणारच.

हे तिनं नवऱ्याला, ईश्वरप्पांना सांगितलं होतं, आणि मैनुद्दीनला. तिच्या सासरच्या गावी, नांदूरघाटात टीव्ही दुरुस्त करणारा, व्हिडिओ भाड्यानं देणारा मैनुद्दीन औरंगाबादला माल आणायला गेला की दर खेपेला ही कॅसेट शोधायचा. दुकानदार त्याला हसायचे. ह्या नव्या जमान्यात हे जुनं कोण बघतंय, म्हणायचे. आज सकाळी तो कॅसेट छातीशी धरूनच एसटीतून उतरला होता.

“आता हळूहळू सोडतो भाभी,” तो म्हणाला. “आरामात बघा.”

चित्र अडखळत पुढं सरकलं. देवळाच्या पायऱ्यांवर गावातलं माणूस दाटलं होतं. दानम्मा एकेक बाई बघत गेली. नाकात मोठी नथ घातलेली, ती आसारामची आई. कडेवर लेकरू घेतलेली, ती साखराबाई. मागं तोंडाला पदर लावलेली एक होती. दानम्मा पुढं झुकली. त्या बाईनं पदर सोडला. ती गुरवीण होती.

नायिका लांब गेली. पोर हसली. चित्र बदललं.

“न्हाई,” दानम्मा म्हणाली. “माय न्हाई ओ ह्याच्यात.”

दुकान तसंच सोडून ईश्वरप्पा दारात येऊन उभे होते. “कापलं असंल,” ते हळू म्हणाले. “सिनेमावाले लई कापतेत.”

छबुबाईला काहीतरी बरं बोलायचं होतं. “पण काय काम केलंय गं पोरीनं,” ती म्हणाली. “ती हिरोईन एवढी नटली-थटली, पर नजर तुझ्यावरच जाती. असं हसू शिकवून येत न्हाई बाई.”

दानम्मानं नुसतीच मान हलवली. तिला हे काही ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं तिच्याजवळ निदान एक आस होती. आता तीही उरली नव्हती.

“बंद करू का भाभी?” मैनुद्दीननं विचारलं.

“थांबा चाचा,” वर्षाराणी म्हणाली. “अजून एकदा दाखवा.” चित्र मागं गेलं, थांबलं. पडद्यावर पोरीचे डोळे भरून आले होते. वर्षाराणीनं काचेवर बोट ठेवलं. “आई, हिरोईन तर तिकडं चालली. मग तू हिकडं कावून बघायलीस? हिकडं कोण होतं?”

मैनुद्दीन पडद्याकडं वाकला, मग दानम्माकडं वळला.

“तिकडं कॅमेरा असतोय भाभी,” तो म्हणाला. “त्याच्या बाजूला जे उभं असतंय ना, ते पिक्चरमध्ये येत न्हाई.”

दानम्मा उठली. बायकांनी पाय आवरून तिला वाट दिली. टीव्हीसमोर येऊन ती जराशी डावीकडं सरकली, मग अजून थोडी. मग गुडघे टेकून खाली बसली, त्या पोरीच्या नजरेच्या उंचीला.

“सोडा आता,” ती म्हणाली.

भरल्या डोळ्यांनी पोर तिला शोधत राहिली, आणि मग ती सापडल्यासारखी हसली.