टिचबटणांची चाचणी

राहनाळच्या आमच्या छोट्या कारखान्यात आम्ही बाळांची झबली शिवतो. त्यासाठी चीनहून मागवलेल्या टिचबटणांचा तिसरा नमुनाही मी नापास केला.

"घे ना आता चालवून, करिष्मा," माझा भागीदार हितेश वैतागला. "एवढ्या मोठ्या दुकानाची पहिली ऑर्डर हाय, हातची जाईल."

"जाऊ दे. सुटलेलं बटण कुणाच्या लेकराच्या घशात गेलं तर?"

चौथ्या नमुन्यासोबत तिकडच्या मॅडमचा मेसेज आला, "आमच्या मशीनवर एकही बटण निघत नाही. तुम्ही कुठल्या मशीनवर तपासता?"

नवी बटणं लावलेलं झबलं बाजूला ठेवून मी मांडीवरच्या माझ्या लेकीला, भाविकाला थोपटलं आणि एका हातानं उत्तर लिहिलं, "आमच्या मशीनला आत्ताच दोन दात आलेत. झोपलंय. उठलं की कळवते."