दादाची वेल

गालिच्यांच्या नक्ष्या काढायचं दादाचं सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवरच चालायचं, आणि तो एक दिवस कायमचा बंद पडला. धाकट्या भावानं खटपट करून नव्या मशीनच्या आतच जुनी सिस्टिम जशीच्या तशी चालू करून दिली.

"तू फक्त नक्षी काढ, दादा. संध्याकाळी बंद मी करत जाईन, तुला नाही जमायचं ते."

दादा दिवसभर मान मोडून काम करायचा आणि सकाळी बघावं तर पडदा कोरा!

"अरे, काल मी कडेची वेल काढली होती ना?"

"काल? काल तू नुसता खिडकीबाहेर बघत बसला होतास, दादा."

दादाला वडील आठवले. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी त्यांना स्वतःची मुलंही ओळखू येईनात.

एका संध्याकाळी, वेल पुन्हा काढून झाल्यावर, त्यानं आपण होऊनच आपल्या गालिच्यांच्या कारखान्याच्या किल्ल्या धाकट्याच्या हातात ठेवल्या. "माझा आता भरवसा नाही रे. तूच सांभाळ." आणि डोळे पुसत तो घरी गेला.

धाकटा मशीन बंद करायला बसला. पडद्यावर रोजचाच प्रश्न आला: 'आजचं काम ठेवायचं की पुसायचं?'



आज पहिल्यांदाच त्यानं 'ठेवा' दाबलं.