रुळायला लावलेला कान

नात रेवतीचं बारसं झालं, त्याच वर्षी ठार बहिऱ्या सरूबाईच्या कवटीत ऑपरेशन करून ऐकण्याचं यंत्र, म्हणजे नवा कान बसवला. मुलगा हेमराज स्पीकर विकायचा. नवं यंत्र महिनाभर खरखर वाजवल्याशिवाय रुळत नाही, हा त्याचा ठाम समज. म्हणून मोबाइलवरून त्याने आईच्या कानात नुसती खरखर लावून ठेवली.

"अरे, बंद कर ते!"

हेमराज ओठ ठळक हलवत म्हणाला, "आई, नव्या तव्याला आधी तेल पाजतेस ना?"

"तवा काय माझ्या डोक्यात बसवलाय, मेल्या?"

लग्नानंतर काही वर्षांनी तिचे कान गेले, तेव्हापासून ती ओठ वाचूनच भागवत होती. पण अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याच्या, दाजिबाच्या तोंडावर आता ऑक्सिजनचा मास्क होता. आत तो काय पुटपुटतो, ते तिला कळेना. शेवटी तिने मोबाइल हिसकावला आणि खरखर बंद केली.

"ऐकू येतंय का गं?" दाजिबा म्हणाला.

"येतंय. पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं."

"मग कधीचा हाका मारतोय, ओ का देत नाहीस?"

सरूबाईने हेमराजकडे नुसतं पाहिलं.

कानाच्या डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, कान रुळत नसतो. ऐकणारा रुळतो, तोही माणसांच्या बोलण्याने. दाजिबाचा आवाज तिला अजून पूर्वीच्या त्याच्या आवाजासारखा वाटायला लागला नव्हता, तोच तो गेला. गौरी विसर्जनाच्या दिवशी, सकाळी.