ओळखीचा तुकडा

आईनं दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "माझ्या अंगातून काढलेल्या गाठीचा उरलेला भाग टाकून दिलात का गं?"

मुलगी खिडकीशी बसून आईच्या औषधाच्या गोळ्या वेगळ्या करत होती. टाकत नाहीत, ती म्हणाली. मेणाच्या वडीत बसवून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवतात, वर्षानुवर्षं टिकतो. आईला ते पटलं. जन्मभर लोकांचे कपडे शिवताना तिनं बोटभर चिंधीही कधी वाया घालवली नव्हती. नवं कापड आलं की आधी त्याची एक पट्टी भिजवायची, रंग पक्का की कच्चा ते बघायचं, मगच कात्री लावायची. आता मशीनवर पाय चालत नव्हते, म्हणून पलंगावर बसून ती शेजारणीच्या पडद्याला हातानं दुमड घालत होती. सुई ओवायला तिनं मुलीकडे दिली. दोरा दोनदा चुकला, तेव्हा म्हणाली, दिवसभर दुर्बिणीत डोळे घालून बसतेस आणि एवढं नेढं दिसेना होय.

मुलीचं काम काय, हे आईनं एकदा नीट समजावून घेतलं होतं. गाठीचा पापुद्र्याइतका काप काचेवर घ्यायचा, त्यावर द्रावण सोडायचं. ठरावीक प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. किती चढला, त्यावरून ती गाठ पुढे कशी वागेल याचा अंदाज बांधायचा. पण द्रावणच बिघडलेलं असलं तर? म्हणून त्याच काचेवर वरच्या अंगाला एक ओळखीचा तुकडा ठेवतात. त्यात ते प्रथिन भरपूर आहे, हे आधीच माहीत असतं. तो रंगला तरच खालच्या पेशंटच्या तुकड्यावर विश्वास ठेवायचा. त्याला कंट्रोल म्हणतात. "म्हणजे माझी भिजवायची पट्टीच की," आई तेव्हा म्हणाली होती.

आज तिनं पडदा मांडीवर पसरला आणि मान वर न करता विचारलं, "माझ्या तुकड्याला किती रंग लागला होता? अर्धामुर्धा की पुरता?"

घरच्या माणसाची काच आपण वाचायची नाही, असा प्रयोगशाळेतला रिवाज होता. आईची काच मोठ्या मॅडमनी वाचली होती. पण त्या जेवायला गेल्या तेव्हा मुलीनं ती उचलून ट्यूबलाइटसमोर धरली होती. आईचा तुकडा अर्ध्या कॉलरसारखा, एका टोकाला खाच. मग भिंगाखाली घालून रंग न लागलेला एखादा कोपरा ती शोधत बसली होती. ते प्रथिन जितकं जास्त, तितकी गाठ दांडगी. त्यावर औषध होतं, नाही असं नाही. त्यानं बरीच साथ दिली, मग सोडली.

"आधी गोळ्या घे," मुलगी म्हणाली.

"लोकांना सगळं सांगतेस. घरात मात्र मिठाची गुळणी," आई म्हणाली. रागानं नाही. तिनं पाण्याचा पेला घेतला, गोळ्या गिळल्या आणि पुन्हा सुई हातात धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला श्वास पुरेना. संध्याकाळी ती गेली. पडद्याची एक बाजू तशीच राहिली. मुलीनं तो घडी करून शेजारणीला नेऊन दिला. शेजारीण रडली. मुलगी उभी राहिली आणि परत आली.

रजा संपल्यावर ती कामावर गेली. सगळे हळू आवाजात बोलत होते. बरी आहेस ना, म्हणत होते. ती हो म्हणत होती. ते सोपं होतं. जिना चढताना मधेच बसावंसं वाटलं, पण बसलं तर पुन्हा उठावं लागेल म्हणून ती चढत राहिली. मोठ्या मॅडमनी दारातूनच सांगितलं, तू नव्हतीस तेव्हा आपलं जुनं कंट्रोल संपलं, जुन्या वड्यांतून एक नवं काढलंय. कुणाचं कोण जाणे, वर फक्त नंबर आहे. पण इतकं छान रंगणारं मी कितीतरी दिवसांत पाहिलं नाही, बरीच वर्षं पुरेल.

टंकलेखनाच्या काकू शेजारी येऊन बसल्या. आधी कंट्रोल मोठ्यानं सांगायचं, त्यांनी ते टाइप करायचं, मगच पेशंटचा तुकडा वाचायचा, ही इथली पद्धत. काकू म्हणाल्या, पहिली काच आधी आटपू या, हिची बहीण सकाळपासून बाहेर बाकावर बसलीय, चहा दिला तर तोही घेत नाही.

मुलीनं काच उचलली आणि सवयीनं उजेडासमोर धरली. खाली बाकावरच्या बाईच्या बहिणीचा तुकडा होता, फिकट, नखाएवढा. वर अर्धी कॉलर होती. एका टोकाला खाच.

तिनं काच भिंगाखाली घातली. हळूहळू सरकवत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कड होती, टीप मारल्यासारखी. एकही सुटली नव्हती. त्या दिवशीही सुटली नव्हती.

"बोला डॉक्टर," काकू म्हणाल्या. "कंट्रोल कसं आहे? ते कळल्याशिवाय त्या बिचारीचं पुढे सरकत नाही."

मुलीनं भिंगावरचा डोळा काढला नाही.

"पुरता लागलाय रंग, आई," ती म्हणाली. "काठापर्यंत."