ताशी एकशे अठरा

बाबांच्या जुन्या गाडीला मामा खटारा म्हणायचा. "दाजी, तुमच्यामागे गोगलगायी हॉर्न वाजवतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

शेजारच्या राज्यातलं लग्न आटोपून आम्ही परतलो आणि तिकडच्या वाहतूक पोलिसांचा दंड बाबांच्या मोबाइलवर येऊन थडकला. वेग ताशी एकशे अठरा! आईने कपाळावर हात मारला. बाबांनी मात्र शीळ वाजवत दंड भरला, मेसेज मामाला पाठवला आणि थोड्या वेळाने थेट तिकडच्या पोलीस चौकीत फोन लावला.

"दंड भरलाय ना? मग आता तक्रार कसली?" पलीकडचा हवालदार वैतागला.

"तक्रार कसली, साहेब! आमच्या मेहुण्याला पटत नाहीये. फक्त एवढं लिहून द्या, की तिथे उतार नव्हता."