बेनितोची नखं

ग्रानादातल्या गिटारवाल्यांच्या चढणीवरच्या एका दुकानात बेनितो गिटार निवडायला तीन वर्षं बायकोला घेऊन येत होता. मुलीच्या लग्नात स्वतः वाजवणार, असं त्यानं गावभर सांगून ठेवलेलं. लग्न या रविवारवर आलं, तरी पहिली गिटार काही ठरेना. एक कर्कश, दुसरी जड, तिसरीचा रंगच उदास. तयारी मात्र जय्यत होती. तारा छेडायला उजव्या हाताची नखं वाढवलेली, आणि ती तुटू नयेत म्हणून तीन वर्षांत घरातल्या एका ताटलीलाही हात लावलेला नव्हता.

“हिचा गळा बसलाय,” म्हणत त्यानं आणखी एक खाली ठेवली.

“वाजवल्याशिवाय तिला गळा फुटेल कसा, डोन बेनितो?” गिटार घडवणारी आंपारो म्हणाली.

तेवढ्यात मागून सूर आले, झऱ्याच्या पाण्यासारखे.

“हीच! हीच हवी मला!” तो गर्रकन वळला.

बाकावर त्याची बायको रेमेदियोस बसली होती. मांडीवर त्यानं पहिल्याच दिवशी नाकारलेली गिटार. भांडी घासून झिजलेली तिची बोटं नखांवाचूनच तारांवर फिरत होती.

“तू निवडत बसायचास ना, तेवढ्यात आंपारो मला शिकवायची,” ती म्हणाली. “रविवारी मी वाजवते. तू नखं काप बाबा, लग्नघर आहे, भांडी ढीगभर पडतील.”