उजवीकडची जागा

“दत्तोबा, गाडी थांबवलीस की आधी उजवीकडं बघायचं. हाकणारा तिथं असतो. त्याचं तोंड वाचलं की पुढचं काही विचारावं लागत नाही.”

जुन्या जमादारांनी पहिल्याच दिवशी सांगितलेले हे शब्द दत्तोबा हवालदारांनी बावीस वर्षं एखाद्या नेमासारखे पाळले होते. जमादार गेले, इंग्रज गेले, नेम राहिला.

पहाटेच्या धुक्यात चाकणचा नाका दुधात बुडाल्यासारखा दिसत होता. लांबून घरघर आली, मग दोन पिवळे दिवे. दत्तोबांनी हात वर केला. लॉरी थांबली तसे ते उजव्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले.

वर सयाजी बसला होता. महाळुंग्याचा. लढाईत इटलीला लॉरी हाकून आलेला. परतल्यावर त्यानं अमेरिकन पलटणीची ही मोडीत निघालेली उंच लॉरी घेतली, माळावर वीटभट्टी घातली, आणि आता पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या बांधकामावर रोज विटा पोचवत होता. भट्टीवरची माणसं खानदेशातली. सयाजीबद्दल विचारलं तर नुसती हसायची.

त्याच्या पलीकडे, डोक्यावरून पदर घेऊन, शालनबाई. रोज आळंदीच्या कळसाचं दर्शन घेतल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, असा तिचा नेम. लॉरी त्याच वाटेनं जायची, म्हणून ती नवऱ्याबरोबर निघायची. गावात तिला फार मान होता. तिच्या ओठांवर सतत देवाचं नाव असे, आणि इंजिनाच्या आवाजात ते मिसळून जाई.

दत्तोबांना या गाठीची ओढ लागली होती. सयाजी तिकडच्या गोष्टी सांगे.

“तिकडं समदं उलटं, हवालदार. रस्त्याच्या उजव्या अंगानं जायचं. गाडीची बैठकसुदिक उलटी.”

इंद्रायणीच्या पाण्यात देऊळ उलटं दिसतं तसं ते असेल, असं दत्तोबांना वाटे. मग दिवसभर नाक्यावर उभं राहून ते डोळ्यांपुढं तो मुलूख आणत. सारी गाडीवाट पाण्यात पडल्यासारखी, आणि तरी कुणी कुणावर आदळत नाही.

तिकडचे कायदे इकडे चालतील का, यावर दोघांची रोज थोडी थोडी चर्चा व्हायची. तिकडं चौकात उजव्या हातानं येईल त्याला आधी वाट द्यायची, असं सयाजीनं एकदा सांगितलं. म्हैस आली तर, असं दत्तोबांनी विचारलं. तर म्हशीला, सयाजी म्हणाला. मग तो कायदा आपल्याकडं आधीपासूनच आहे की, असं म्हणून दत्तोबा पोट धरून हसले. बाप्ये लढाईवर गेले तेव्हा तिकडं बायाच लॉऱ्या हाकत, हे ऐकल्यावर मात्र त्यांनी मान हलवली.

“त्यो कायदा हितं न्हाई चालायचा.”

शालनबाईच्या ओठांवरचं नाव क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

बोलताना सयाजीची मान समोरच्या रस्त्यावरून कधी हलायची नाही. काळा चष्मा, तो धुक्यातही. पलटणीतली सवय, लोक म्हणत. दत्तोबांना ते फार भावे. हाकणारा असा असावा, एकचित्त.

आज मात्र त्यांच्या हसण्यात जीव नव्हता. दत्तोबांनी खिडकीच्या काठाला धरलं आणि सांगितलं, की लेक कुसुम बाळंतपणाला आली आहे. मूल आडवं आहे, पुण्याच्या दवाखान्यातच न्यावं लागेल, असं सुईण म्हणते. मागल्या खेपेला बैलगाडी भोसरीच्या अलीकडंच राहिली होती. पोरगी कशीबशी वाचली, मूल नाही.

सयाजी काही बोलायच्या आत पलीकडून, पदराआडून, मऊ आवाज आला.

“आमी येऊ, भाऊजी. कवाबी सांगा.”

“दिला शब्द,” सयाजी म्हणाला.

लॉरी धुक्यात विरघळली. त्या दिवशी दत्तोबा शीळ घालत घरी गेले.

पुढच्या आठवड्यात दोन दिवस लॉरी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना कुसुमला कळा सुरू झाल्या. दत्तोबांनी सायकल काढली आणि महाळुंग्याची वाट धरली. भट्टीचा धूर आणि धुकं एक झालं होतं. आपण पुढं जातो आहोत की जागच्या जागी पायडल मारतो आहोत, तेही उमगेना. मागे राहिलेल्या घरातलं कण्हणं तेवढं कानात होतं.

सयाजी ओसरीवर घोंगडीत कुडकुडत पडला होता. तापानं अंग भाजत होतं. उशाशी शालनबाई पाण्याची पट्टी पिळत होती. दत्तोबांनी ओसरीचा खांब धरला. 

“कुसुमची येळ आली, सयाजी. आन् तू असा. आता रं कोण हाकणार?”

शालनबाईनं पट्टी नवऱ्याच्या कपाळावर ठेवली, आळंदीच्या दिशेला हात जोडले आणि अंगणात उतरली.

सयाजीनं आवाजाकडं तोंड वळवलं. थोडं चुकून, खांबाच्या पलीकडं. आज डोळ्यांवर चष्मा नव्हता. दोन्ही पापण्या शिवून टाकल्यासारख्या आत बसल्या होत्या.

“डोळं इटलीतच गेलं, हवालदार,” तो हळू म्हणाला. “जावा तुमी. शब्द दिलाय.”

बाहेर घरघर सुरू झाली. दत्तोबा धावत अंगणात आले आणि बावीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी आधी उजवीकडं बघितलं. जागा रिकामी होती. पलीकडे, डाव्या अंगाला, पदर खोचून शालनबाई बसली होती, आणि लॉरी हाकायचं मोठं चाक तिच्या दोन्ही हातांत होतं.

“बसा भाऊजी, उजवीकडं,” ती म्हणाली, आणि तोंडानं देवाचं नाव घेत तिनं लॉरी चाकणच्या वाटेला लावली.